तांबडीनं अंग धरलं ते दिवस

यंदा गवत फार माजलंय. लोणंदला आमच्या घरामागं रेल्वेची पडीक जागा आहे, तिथं कमरेएवढं उभं राहिलंय आणि भाद्रपद सरत आला तसं शेंड्याला पिवळं पडायला लागलंय. सकाळी खिडकी उघडली की त्याचा वास आत येतो. सून म्हणते, "आई, लावा ती खिडकी, डास येतात." मी लावते. काच लावली की वास थांबतो असं तिला वाटतं, तर वाटू दे. माझे गुडघे गेले, दात गेले, पण नाक अजून शाबूत आहे. पवन्या गवताचा वास गोडसर येतो. कुसळी गवताचा कोरडा, धुळकट. कुसळी पोटरीत यायच्या, तुरा धरायच्या आत कापली तर वैरण, नाहीतर जनावराच्या जिभेत नुसते काटे. आता हे ज्ञान लोणंदमध्ये कुणाला उपयोगी पडायचं नाही, पण डोक्यातनं जातही नाही.

दर साली हे दिवस आले की मी दमते. काही न करता दमते. पोरगा डॉक्टरकडे नेतो, ते रक्त काढतात, गोळ्या देतात. त्यांना काय सांगू, की बाबांनो, हा शीण आत्ताचा नाही, पन्नास वर्षांमागचा आहे. लोकांना आश्विन म्हटलं की घट आठवतात, झेंडू आठवतो. मला लीद आठवते. हसू नका. एकदा लीद बघून आमचं अख्खं घर रडलंय.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. आटपाडीच्या पूर्वेला, माळाच्या कडेला आमची वस्ती. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. घरात सासू-सासरे, माझे मालक, मी आणि बिरू. बिरू म्हणजे माझा धाकटा दीर, सात वर्षांचा. सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि सासूला आत्या, अशी आमच्याकडची रीत. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन विटा, कऱ्हाड, पाटण करत घाट उतरून कोकणात जायचं आणि मृगाच्या तोंडाला परत यायचं. पुरुष मेंढरांमागं. सगळा संसार घोडीवर, आणि घोडी बाईच्या हातात. मुक्कामाचं पाल, भांडी, पिठाची थैली, वर बांधलेल्या कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं, एवढं सगळं सकाळी घोडीवर चढवायचं आणि संध्याकाळी उतरवायचं. मी माहेरी सातवी पास झालेली. वडील शाळेत शिपाई होते, आमच्या घरी घोडं नव्हतंच. "शिकल्याली सून आणली, तिला घोडीचा तंग आवळता येत न्हाई," असं आत्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. खोटं नव्हतं, ओझं धरणारा तो पोटाखालचा पट्टा माझ्या हातानं ढिलाच राहायचा. माझ्या हातचं ओझं पहिल्या ओढ्यातच कलंडलं आणि डाळीचं गाठोडं पाण्यात गेलं.

घोडीला नाव नव्हतं. रंगानं तांबडी म्हणून तांबडी.

आदल्या साली पाऊस झालाच नव्हता. तो दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही बघितला त्यांना सांगून कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मेंढरं निम्मी मेली, उरलेली मामांनी देऊन टाकली. आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागलो. तिथं खायला सुकडी मिळायची, घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, तीही एक वेळ. फाल्गुनात छपरावरचं गवत काढून तांबडीला घातलं. तेही संपलं. गाईबैलांना सरकारी छावणी होती. घोड्याला छावणी नव्हती. मग लोक करत होते तेच आम्ही करायचं ठरवलं, माळावर नेऊन सोडून द्यायची. जगली तर जगली.

"सुनंला पाठवा," मामा म्हणाले. "माझ्यानं न्हाई व्हायचं."

म्हणजे माझ्यानं व्हायचं होतं. मी तिला दोन कोस लांब नेली, दावं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि माघारी फिरले. ती माझ्यामागं चालायला लागली. मी हाकललं, तर थांबली. मी चालले, तर पुन्हा आली. शेवटी मी दगड उचलले. लहानपणापासून माझा नेम कधी लागला नव्हता. त्या दिवशी लागला, नाकाडावरच. मग ती थांबली. घरी येऊन मी दावं खुंटीला टांगलं.

वैशाखात बिरू गेला. हे मला सरळच सांगितलं पाहिजे. तो तापानं आठ दिवस पडून होता, अंगात काही उरलं नव्हतं. ताप जरा उतरलासा वाटला त्या दिवशी मिरजेकडनं आत्यांचा भाऊ आला. तिकडं कृष्णेचं पाणी. त्यानं पायलीभर खपली गहू आणि गुळाची ढेप आणली होती. सहा महिन्यांनी घरात गूळ आला. आत्यांनी गहू सडून खपलीची खीर केली, मोठं पातेलं भरून. बिरू उठून बसला. त्यानं एक ताटली खाल्ली, दुसरी खाल्ली, आत्या वाढत राहिल्या आणि आम्ही कौतुकानं बघत राहिलो. "खा रं माझ्या वाघा," आत्या म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी तो गेला. पोट फुगलं होतं, अंग पुन्हा तापलं होतं. कुणी म्हणालं ताप डोक्यात गेला, कुणी म्हणालं दृष्ट लागली. त्या उन्हाळ्यात कारण शोधायला कुणाला सवड नव्हती. चौथ्या दिवशी आम्ही परत खडीवर होतो.

आणि मग मृगातच पाऊस आला, पडायचा तसा पडला. आषाढात एका सकाळी मी दार उघडलं तर कोंबड्यांच्या खुराड्याशी तांबडी उभी.

आनंद वगैरे कुणाला झाला नाही. आधी लाज वाटली. चार महिने कुठं होती, काय खात होती, कुणास ठाऊक. बरगड्या एक-एक मोजता येत होत्या. पाठीचा कणा वर आलेला, मागच्या पुठ्ठ्याच्या जागी दोन खड्डे, मान एवढी बारीक की डोकं तिला पेलवत नव्हतं. शेपटीचे केस झडलेले. मामा बाहेर आले, तिच्याकडं बघितलं आणि तोंड धुवायला निघून गेले. जेवताना म्हणाले, "मेव्हन्याची मेंढरं राखायला घेतल्यात. दिवाळी झाली की निघायचं. तंवर वझं घ्यायजोगी झाली तर संगं. न्हाईतर हुती तितं सोडायची परत. दुसरं घोडं बघाय लागंल."

"परत" हा शब्द तेवढा मला लागला. कारण सोडायला मलाच पाठवणार, हे मला माहीत होतं. दगड पुन्हा मलाच मारावे लागणार होते. मी म्हणाले, "मी बघते तिचं." आत्या हसल्या. तसं हसणं बिरू गेल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं, पण ते चांगलं हसणं नव्हतं. "घोडं कुनी खायाला घालतंय व्हय? घोडं आपलं आपन चरतं."

खरंच होतं ते. आमच्यात घोडं कुणी बांधून खाऊ घालत नाही. रात्री पुढचे पाय बांधून सोडायचं, ते आपलं पोट आपण भरतं. पण तांबडीला चरायला मान खाली घालवत नव्हती. घातली तर वर घेता येत नव्हती. ती हिरव्या गवतात उभी राहून उपाशी राहायची.

ओढ्याच्या पलीकडं हवालदार राहायचे. सैन्यात खेचरांच्या कंपनीत उभी हयात काढून आलेले. त्यांची वस्ती बौद्ध. धर्म घेतल्याला तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती, पण गावाच्या डोक्यातनं जुनं काही गेलेलं नव्हतं. आमच्या घरी त्यांना चहा दिला जायचा तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. हे मला आज लिहायला लाज वाटते. त्यांच्या विहिरीच्या कडेला लसूणघासाचे चार वाफे होते. मी घास मागायला गेले, तर ते घास देण्याआधी घोडी बघायला आले. कुंपणापाशी थांबले. मी आत या म्हणाल्यावर आले. तिचं तोंड उघडून दात बघितले, पापणी उलटी केली, बरगडीवर तळहात ठेवून किती तरी वेळ तसेच उभे राहिले.

"काय घालतीस हिला?"

"अजून काय न्हाई. बाजरीचं पीठ कालवून घालावं म्हनते."

"मारतीस व्हय?" ते एकदम ओरडले. "दाना बंद. एकदम बंद. ध्यान देऊन ऐक, सूनबाई. आधी पानी, मग वैरन, आनि दाना सगळ्यात शेवटी, त्यो बी मी सांगंन तवा. पानी बी बादलीभर न्हाई, थोडं थोडं. वैरन मुठीमुठीनं, दिवसातनं सा बार. घास त्यात चिमटीएवढा मिसळायचा. मिठाचा खडा पुढ्यात ठेवायचा. जंताची भुकटी आटपाडीच्या दवाखान्यातनं आनायची. समजलं?"

"लय दिवस लागतील मग."

"लागतील. हाडं दिसायला सा म्हैने लागले असतील, झाकायला सा म्हैने लागत्यात. तुझ्याकडं किती हायत?"

चार होते. तेही मोजूनमापून.

त्या चार महिन्यांबद्दल सांगायचं तर फारसं काही सांगण्यासारखं नाही. हाच तर त्यातला शीण. पहाटे उठून ओढ्याच्या काठचं मारवेल आणि पवना कापायचा, दंव झाडायचं, ओलं गवत तसंच घालायचं नाही म्हणून जरा पसरायचं. मग एक पेंडी. मग भाकरी थापायची, खुरपायला जायचं, मधनंच पळत घरी यायचं, एक पेंडी. बाजरीत भांगलत असले तरी डोक्यात सूर्य कुठं आला आणि तांबडीची वेळ झाली का, एवढंच. बाकीच्या बाया म्हणायच्या, "तान्हं पोर हाय का गं घरात? चोळी ओली झाली म्हनून पळतीस व्हय?" आणि खदखदून हसायच्या. मीही हसायचे. माझं पोट तेव्हा रिकामंच होतं, दोन्ही अर्थानं. घरात भाकरी होती आता, पण दुष्काळातनं बाहेर आलेल्या घरात सून शेवटी जेवते, आणि शेवटी काय उरतं ते उरतं.

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. उलट आणखी वाळली असंच वाटायचं. मी बैलाच्या कासऱ्यातली सुतळी घेतली आणि तिच्या छातीभोवती, पुढच्या पायांच्या मागनं गुंडाळून जिथं टोक आलं तिथं गाठ मारली. दर सोमवारी तीच सुतळी पुन्हा लावायची. पहिला सोमवार, गाठ तिथंच. दुसरा सोमवार, तिथंच. तिसऱ्या सोमवारी टोक अर्ध्या बोटानं कमी पडलं. मी पुन्हा लावून बघितलं. पुन्हा अर्धं बोट. तेव्हा मी एकटीच होते, म्हणून तांबडीलाच सांगितलं, "अगं बया, वाढलीस की."

पुढं मी अंगणवाडीत लागले. तीस वर्षं पोरं तराजूत घातली. आया म्हणायच्या, "बाई, एवढं घालते, तरी अंगाला लागत न्हाई बघा." मी म्हणायचे, लागतंय, पण डोळ्यांना आधी दिसत नाही, काट्यावर दिसतं. तिथं मला लोक म्हणायचे तुम्हाला किती धीर आहे. धीर कसला डोंबलाचा. धीर असलेली माणसं वेगळी असतात, ती शांत असतात. मी आतून सारखी चिडलेली असायचे. कुणाचंही अंग भरणं हे इतकं हळू चालतं की भरवणाऱ्याचा जीव जातो. मोडायला एक उन्हाळा पुरतो.

श्रावणात हवालदारांनी कोंडा ओला करून द्यायला सांगितलं, एक वाटी. मग भिजवून उकडलेले हुलगे, तेही एक वाटी, सकाळी अर्धी आणि संध्याकाळी अर्धी. हुलगे त्यांनीच दिले, जुने, त्यांच्या कणगीतले. आत्या हे सगळं चुलीपाशी बसून बघायच्या. त्यांना माझा राग यायचा, आणि तो वाढतच होता. त्यांच्या डोळ्यांसमोर एक जीव हाडांचा सापळा होऊन उभा होता, घरात धान्य यायला लागलं होतं, आणि सून एक वाटी मोजून घालत होती. "कसली कंजूष जात तुझी," त्या म्हणायच्या. "तिच्या पोटाकडं बघ. देवानं दिलंय तर घाल की पोटभर! तुझ्या बापाच्या घरचं जातंय व्हय?" त्यांनी सगळी हयात घोड्यांत काढली होती. उपाशी मेलेली घोडी त्यांनी बघितली होती. पण उपाशी राहून परत आलेलं घोडं त्यांनीही पहिल्यांदाच बघितलेलं. मी उलट बोलायचे नाही. फक्त हुलग्यांचं मडकं माझ्या पेटीमागं ठेवायला लागले.

भाद्रपदात बाजरी निघाली. वर्ष दीड वर्षानं खळ्यात रास पडली. आमच्यात नव्या धान्याच्या घुगऱ्या करतात. देवाला दाखवायच्या, मग जितराबाला, गुराढोरांना, मग माणसांनी खायच्या. जितराबाला म्हणजे शास्त्रापुरता एक घास. त्या दिवशी मी आटपाडीला बाजाराला गेले होते, जंताची भुकटी दुसऱ्यांदा आणायला. सकाळचा वैरणीचा हिशेब आत्यांना सांगून गेले. परत आले तर दुपार कलली होती आणि तांबडी दावणीला नव्हती. ती घरामागच्या परड्यात लोळत होती. उठायची, पुढच्या पायानं माती उकरायची, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघायची, पुन्हा धाडकन पडायची. अंगावर घामाचे लोट. बाजूला आमचं सगळ्यात मोठं पातेलं, खीर केली होती तेच, चाटून पुसून स्वच्छ. त्यात बाजरीच्या आणि हुलग्यांच्या घुगऱ्या होत्या, गूळ घातलेल्या. पेटीमागचं मडकं रिकामं होतं.

आत्या पातेल्याशेजारी उभ्या होत्या. "खाल्लं गं तिनं," त्या म्हणाल्या. "किती आवडीनं खाल्लं. आनि मग हे असं काय करतीय?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही, बहुतेक वाईटच बोलले असणार. ओढ्याकडं पळाले. हवालदार जेवत होते, ताटावरनं तसेच उठले. आले ते कुंपणापाशी थांबले नाहीत. "उठवा तिला! बसू द्यायची न्हाई, लोळू द्यायची न्हाई! चालवा!" आम्ही तिला उठवली. एका बाजूनं ते, एका बाजूनं मी. परड्यातनं वेशीपर्यंत, वेशीपासनं परड्यापर्यंत. मामा आले, त्यांनी मला बाजूला करून दावं धरलं. हवालदारांनी तेल आणि हिंग तिच्या घशात ओतलं, कान पोटाला लावला, मान हलवली. पुन्हा चालवलं. दिवेलागण झाली तरी चालतच होतो. ती पाय टाकायची नाही, तिला ओढायला लागायचं, आणि ओढताना मला एकच दिसत होतं, की दिवाळीची वाट बघायला नको, आजच सुटली ही.

आणि मग वेशीपाशी तिनं शेपूट वर केली आणि लीद टाकली. हवालदार तिथंच मटकन खाली बसले आणि हसायला लागले. मामा रडले. मी त्यांना रडताना त्याआधी एकदाच बघितलं होतं, वैशाखात. मी लिदीकडं बघून रडत होते आणि येणारी जाणारी माणसं आम्हाला येडी समजून बघत होती.

परत आलो तर आत्या तिथंच, पातेल्यापाशी. हवालदारांना त्यांनी विचारलं, "आवं हवालदार, उपाशी मरतंय ते ठावं हाय. खाल्ल्यानं बी मरतंय व्हय?"

ते दमलेले होते, घाम पुसत होते, त्यांना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. "मरतंय की. लय दिवस उपाशी ऱ्हायलेल्या जिवाला एकदम पोटभर घातलं की मरतंय. आमच्या कंपनीतली चार खेचरं अशीच गेली, बर्फातनं सोडवून आणल्याली. मानसाचं बी तसंच असतं."

मी आत्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि नको तेव्हा मला सगळं कळलं. त्यांनी पातेलं उचललं, घासायला घेतलं. ते घासलेलंच होतं. तरी बराच वेळ घासत होत्या.

त्या दिवशीही हवालदारांना चहा त्याच कपात दिला. मी स्वतः दिला. कोनाड्यातनं हात तिकडंच गेला, सवयीनं. ते चहा प्यायले आणि कप विसळून उपडा ठेवून गेले. माणूस एका दिवसात एवढा बदलत नाही, मीही बदलले नाही.

आत्या मात्र बदलल्या. दुसऱ्या दिवसापासनं त्या माझा राग राग करायच्या बंद झाल्या. तांबडीच्या वेळेला त्याच आधी उठायच्या. वाटीत हुलगे घ्यायच्या आणि मला दाखवायच्या, "एवढं चालंल का?" मी म्हणायचे चालंल. त्या वाटी हातानं सपाट करायच्या, वर आलेले चार दाणे बोटानं काढून मडक्यात टाकायच्या. ते चार दाणे काढताना मला बघवायचं नाही. मी सांगितलं असतं, राहू द्या आत्या, चार दाण्यांनी काही होत नाही. पण तसं म्हटलं की पुढचं बोलणं कुठं जाईल ते मला माहीत होतं.  नवरात्रात घरात घट बसले होते, आणि आम्ही दोघी एका घोडीच्या दोन बाजूंना उभ्या राहून न बोलता तिला खाऊ घालत होतो.

सुतळी आता चार बोटं कमी पडायला लागली. आधी मान भरली. मग खांदे. मग बरगड्यांमधल्या खाचा उथळ झाल्या. पुठ्ठा सगळ्यात शेवटी, हवालदार म्हणाले होते तसाच. दसऱ्याला तिच्या अंगावर जुने केस झडून नवे आले आणि उन्हात उभी राहिली की तांबूस चमक मारायला लागली. शेजारणी म्हणायच्या, "घोडी झाली की गं तुझी, आनि तूच घोडीगत वाळलीस!" मी तिच्या बरगड्या चाचपता चाचपता कधी तरी माझ्याच चाचपून बघितल्या होत्या, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण माझ्या बरगड्यांना दिवाळीची मुदत नव्हती.

पाडवा झाला. तिसऱ्या दिवशी मेंढरं निघाली. मामांनी सकाळी तांबडीच्या बरगडीवर हात ठेवला, दाबून बघितलं, मागं जाऊन पुठ्ठ्यावर थाप मारली. "बांदा," म्हणाले. एवढंच. चार महिन्यांचा निकाल एका शब्दात. मी आणि आत्यांनी पाल चढवलं, भांडी चढवली. मी हट्टानं ओझं निम्मंच ठेवलं, बाकीचं बरोबर निघालेल्या मामांच्या एका भाच्याच्या गाढवावर घातलं. मी तंग आवळला. आत्यांनी ओढून बघितला, आणि पहिल्यांदाच तो त्यांना ढिला वाटला नाही.

आत्या त्या साली येणार नव्हत्या. घर राखायला म्हणून मागं राहिल्या, पण खरं म्हणजे बिरूला मातीत ठेवलं होतं ती जागा सोडून त्यांना जायचं नव्हतं. मेंढरं पुढं गेली. मामा आणि माझे मालक मेंढरांमागं. मी दावं हातात घेतलं आणि तांबडीनं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. ओझ्याखाली तिचे पाय लटपटले नाहीत. आत्या तिच्या बाजूनं चालत वेशीपर्यंत आल्या. तिथं त्यांनी माझा दंड धरला.

"येक इचारू?" त्या म्हणाल्या. "खरं सांगशील?"

मी थांबले. पुढनं मालकांची हाक आली.

"ही जगली, कारन तू येक-येक वाटी घातलीस. व्हय न्हवं? मग माझ्या बिरूला... म्या पातेलं भरून खीर केली गं. दोन ताटल्या खाल्ल्या त्यानं. म्याच वाढल्या. हवालदार म्हनला तसंच झालं व्हय त्याचं?"

 दीड महिना मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि दीड महिना त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं. पुढं अंगणवाडीच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर तेच लिहून दाखवलं तेव्हा मी वही बंद करून बाहेर जाऊन उभी राहिले होते.

"न्हाई आत्या," मी म्हणाले. "त्याला ताप हुता. ताप डोक्यात गेला त्याच्या. खिरीचा काय संबंध?"

"ताप हुता?"

"तापच हुता. तुमी दिलं ते त्याच्या पोटात गेलं म्हनून तीन दिस तरी निघाले. भरल्या पोटानं गेला त्यो."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मी नजर काढली नाही. आयुष्यात त्यापेक्षा जड काही मी उचललेलं नाही. मग त्यांनी माझा दंड सोडला, पदरानं नाक पुसलं आणि मला म्हणाल्या, "जा. लांब गेली मेंढरं."

तांबडी त्यानंतर अकरा वेळा घाट उतरली आणि अकरा वेळा चढली. आत्या चौदा वर्षं जगल्या. त्या चौदा वर्षांत कधी सणावाराला, कधी कुणाच्या पोराला बघून बिरूचा विषय निघायचाच. मी चुलीपुढनं उठायचे नाही, मान वर करायचे नाही, आणि आत्या बायकांना ठासून सांगायच्या, "ताप हुता गं त्याला. तापानंच गेला. माझी सून सांगती, शिकल्याली हाय ती."